सलोमीची जागा

"तिथं नाही, टाकळकरबाई. ती जागा सोडा."

पुढे टाकलेलं पाऊल मी तसंच मागे घेतलं. हॉलमध्ये समोरासमोर दोन ओळी उभ्या होत्या, एक पुरुषांची, एक बायकांची, आणि बायकांच्या ओळीत दोन जागा मोकळ्या होत्या. त्यातली जवळची मी धरली, एवढाच माझा गुन्हा. ओहोळ सिस्टरनी माझं कोपर धरून मला ओळीत एक जागा खाली, ग्रामोफोनपासून लांब सरकवलं.

"ही तुमची," त्या म्हणाल्या.

"मग ती कुणाची?"

सिस्टर एरवी एका प्रश्नाला चार उत्तरं देणारी बाई. त्या दिवशी त्यांनी पदर खोचला आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिल्या. उत्तर एस्तेरबाईंनी दिलं, ग्रामोफोनला किल्ली देता देता, पाठमोऱ्याच.

"ती जागा भरलेली आहे. तुम्ही आपल्या जागेकडं लक्ष द्या."

मी पुन्हा पाहिलं. तिथं शहाबादी फरशी होती आणि फरशीवर खिडकीतून आलेला उन्हाचा एक चौकोन. दुसरं काही नव्हतं.

हे अठ्ठ्याहत्तर सालचं. मी चोवीस वर्षांची होते आणि मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मिशनच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच लागले होते. घर साताऱ्याला, इथं ओळखीचं कुणी नाही. शाळा सुटली की मिशन कंपाउंडमधल्या खोलीत मी आणि माझा स्टोव्ह. पहिल्याच गुरुवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून बाजाची पेटी आणि सारंगी यांच्यामधलं काहीतरी वाजायला लागलं, आणि ते इतकं उडतं होतं की भाकरी तव्यावर सोडून मी दारात आले. भाकरी करपली. पुढच्या गुरुवारी मी कॅनव्हासचे बूट पायात घातले आणि हॉलमध्ये जाऊन उभी राहिले.

हे नाच स्कॉटलंडचे. तिकडे गावोगावचे लोक आठवड्यातून एकदा जमतात आणि चार-चार जोड्यांनी समोरासमोर उभे राहून नाचतात म्हणे. गिलक्रिस्ट मिससाहेब इथला दवाखाना चालवायला आल्या तेव्हा त्यांनी हे सोबत आणलं. परत गेल्या तेव्हा ग्रामोफोन, रेकॉर्डी आणि एस्तेरबाई खरात एवढं मागे ठेवून गेल्या. एस्तेरबाई हॉस्टेलच्या मेट्रन. सडसडीत अंगाच्या, चष्मेवाल्या, पन्नाशीच्या. त्या स्वतः नाचायच्या नाहीत, शिकवायच्या. नाचातल्या गोष्टींची इंग्रजी नावं कंपाउंडनं केव्हाच बाजूला टाकली होती. तिघांनी एकमेकांना ओलांडत जायचं ती वेणी, चौघांनी उजवे हात मधोमध धरून फिरायचं ते चाक, आणि जोडीदाराचे दोन्ही हात धरून एक गोल घ्यायचा ती फुगडी. आपली फुगडी घेरी येईपर्यंत चालते, ही एकाच फेरीत संपायची आणि मग सरळ उभं राहायचं.

नाचणारे म्हणाल तर दवाखान्यातल्या ओहोळ सिस्टर आणि त्यांच्यासमोर शाळेचे ड्रिल मास्तर बन्यामीन. खाली हॉस्टेलच्या तीन मोठ्या मुली, त्यातल्या दोघी लाल पट्टा बांधून पुरुषांच्या ओळीत. त्यातली एक माझी जोडीदार. आणि दुसऱ्या जोडीत एस्तेरबाईंचा मुलगा शमुवेल, एसटीत कंडक्टर, ड्यूटीवरून तसाच खाकी कपड्यांत यायचा. त्याच्यासमोर ती जागा.

रेकॉर्ड सुरू झाली आणि मी पाहिलं, लोक त्या जागेला वळसा घालून जात होते. चाक फिरलं तेव्हा चौथा हात नव्हता, तरी तिघांनी चौथ्याला जागा ठेवली. माझी पाळी आली. मला त्या जागेशी हात मिळवून पुढे जायचं होतं. मी हात नुसता झटकला आणि पुढे निघाले.

सुई उचलली गेली.

"टाकळकरबाई, घाई कसली एवढी? ती अजून पोचली नाही तुमच्यापर्यंत."

"कोण?"

"हात द्या. धरा. तिला वेळ द्या. मग सोडा."

मी विज्ञानाची बाई, वर्गात पोरींना भुताखेतांवरून झाडायची. पण त्या संध्याकाळी मी हवेत हात धरला, मनात मोजलं आणि सोडला. एस्तेरबाई म्हणाल्या, "असं."

घरी जाताना ओहोळ सिस्टर माझ्याबरोबर विहिरीपर्यंत आल्या. हॉलमधला मुका उपास त्यांना सोसला नसावा, कारण आता त्या थांबेनात.

"सलोमी. एस्तेरबाईंची लेक, शमूच्या पाठची. ती जागा तिची हाय. तीन वर्षं झाली, वीज मंडळातल्या वायरमनबरोबर निघून गेली. देवळात हार घातले दोघांनी. आता तुम्हीच सांगा, बाप मंडळीचा वडील, म्हंजी चर्चच्या पंचातला, रविवारी पवित्र शास्त्र वाचणारा, आणि लेक देवळात लगीन करायली. खरात तात्यांनी तिचे समदे फोटो चुलीत घातले. म्हणाले, या घरात तिचं नाव निघणार नाही. तवापासून निघालं नाही."

"आणि एस्तेरबाई?"

"त्या काय बोलतेत? नवऱ्यापुढं कधी बोलल्या नाहीत. पण जागा सोडून दिली नाही. मिससाहेबांचाच नियम व्हता, कुणी आलं नाही तर नाच मोडायचा नाही, त्याची जागा धरून नाचायचं. दोन-चार दिवसांसाठीचा नियम. एस्तेरबाईंनी तो तीन वर्षं चालवलाय. येईल एक दिवस आणि आपल्या जागेवर उभी राहील, म्हणून."

"कुठं असते ती?"

"कोणाला ठावं," सिस्टर म्हणाल्या. "मेली का जगली, तेसुदा ठावं नाही."

खरात तात्यांना मी रोज बघत होते. त्यांचं घर माझ्या खोलीला लागून, ओटा हॉलच्या समोर. दवाखान्यात कंपाउंडर, उंच, ताठ, केस पांढरेशुभ्र. गुरुवारी संध्याकाळी ते ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे, हॉलकडे पाठ करून. गाणं सुरू झालं की पुस्तक उघडायचे. संपलं की मिटायचे. त्यांनी पान उलटलेलं मी कधी पाहिलं नाही.

मी दर गुरुवारी जात राहिले. नाच अंगात मुरायला लागला तशी ती जागाही मुरत गेली. सलोमीशी हात मिळवताना माझा हात एका ठरावीक उंचीला आपोआप थांबायला लागला. बन्यामीन मास्तरांचा तिथंच थांबायचा, सिस्टरांचाही तिथंच. मी कधी न पाहिलेली मुलगी माझ्या खांद्याला लागत होती हे मला कळलं. ती वळताना जरा रेंगाळायची हेही कळलं, कारण तिथं सगळेच जरा थांबायचे. आमच्या हातांनी मिळून हवेत एक मुलगी उभी केली होती. ढगाळ दिवशी दिवे गेले की एस्तेरबाई कंदील लावायच्या, आणि त्या उजेडात भिंतीवर आमच्या सावल्या फिरायच्या. मी त्या कधी मोजायची नाही. खरं सांगायचं तर मोजायची भीती वाटायची. एकदा भरदुपारी शाळेच्या व्हरांड्यात मी कुणाला तरी वाट द्यायला बाजूला झाले आणि पाहिलं तर व्हरांडा रिकामा होता. त्या दिवशी मी साताऱ्याला बदलीची चौकशी करणारं पत्र लिहायला घेतलं. पूर्ण मात्र केलं नाही. गुरुवार जवळ आला होता.

आमच्या सगळ्यांत शमुवेल वेगळा होता. आम्ही जागेला हात द्यायचो, तो माणसाला द्यायचा. फुगडीच्या वेळी तो समोर बघून किंचित हसायचा, कुणीतरी काहीतरी बोललंय आणि ते त्यालाच ऐकू आलंय असा. बोलायला मात्र तो फारच कमी. हॉलमध्ये आल्यावर चामड्याची पिशवी आणि तिकिटांचा चिमटा खिडकीत ठेवायचा, नाच झाला की उचलून घरी जायचा.

पोळ्याच्या सुमाराला त्याची फुगडी बिघडली. आधी तो सलोमीला जवळून फिरवायचा, कोपरं वाकवून. आता हात लांब ताणून, पोट आत घेऊन, मोठा गोल घेऊन फिरायला लागला. त्याला वेळ पुरेना आणि खालच्या जोड्यांचा खोळंबा व्हायला लागला.

"काय रे शमू," ओहोळ सिस्टर एकदा हसून म्हणाल्या, "जाड झाली का काय ती?"

कुणी हसलं नाही. शमुवेल कानापर्यंत लाल झाला. सिस्टरनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला आणि आम्ही सगळे एस्तेरबाईंकडे बघायला लागलो, की आता वीज पडणार. बाईंचा धाक असा की घोटा आत वळला तरी रेकॉर्ड थांबायची. पण त्या नुसत्या उभ्या होत्या, हात ग्रामोफोनच्या झाकणावर ठेवून.

"त्याला जागा द्या," त्या म्हणाल्या. "खालच्यांनी सरकून घ्या. तो मोठाच गोल घेणार."

नंतरच्या आठवड्यात त्यांनी पिवळी लोकर आणली आणि क्लासच्या आधी बाकावर बसून विणायला लागल्या. टोपडं होतं. दवाखान्यातल्या बाळांसाठी असेल, असं मी समजले. मिशनच्या बायका असं विणतच असतात.

दिवाळीनंतर शमुवेल पुन्हा पहिल्यासारखा जवळून फिरायला लागला. मग नाताळ आला. चर्चमध्ये खरात तात्यांनी शास्त्र वाचलं, खणखणीत आवाजात, गव्हाणीतल्या बाळाचं. मी मागच्या बाकावर बसले होते. पुढच्या बाकावर एस्तेरबाई होत्या आणि त्यांची मान वर होती. त्या असं ऐकत होत्या की जणू बातमी आत्ताच आली आहे.

आणि त्याच आठवड्यात शमुवेल फुगडीला एकच हात द्यायला लागला. उजवा. डावा नुसता अर्धवट वाकवून बाजूला धरायचा. बन्यामीन मास्तर म्हणजे ड्रिलचा माणूस, त्यांना ते बघवेना.

"शमू, दोन्ही हात. लहान पोरांनासुद्धा येतं हे."

"राहू द्या मास्तर," एस्तेरबाई म्हणाल्या.

"अहो पण बाई, फुगडी म्हणजे..."

"मला माहीत आहे फुगडी म्हणजे काय. त्याचं बरोबर आहे."

त्यांनी रेकॉर्ड काढली आणि दुसरी लावली, संथ लयीची. त्यानंतर त्या नाचाला नेहमी तीच. मला वाटलं बाई मुलाचे लाड करताहेत. जरा रागही आला, कारण त्याच दिवशी माझी वेणी त्यांनी तीनदा मोडली होती.

फेब्रुवारी संपत आला होता. दुपारी उन्हाचा चटका बसायला लागला होता, पण हॉलमध्ये अजून गार असायचं. त्या गुरुवारी शमुवेल उशिरा आला. पिशवी खिडकीत ठेवायची विसरला, ती खांद्याला तशीच लटकत राहिली. एस्तेरबाई जवळ गेल्या, त्यांनी ती काढून घेतली.

"बरं वाटत नाही का?"

"ठीक आहे मी."

"जेवलास?"

त्यानं मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही. एस्तेरबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि सुई ठेवली.

पहिली जोडी झाली. मग वेणी. शमुवेलचे पाय बरोबर पडत होते, त्या पायांना सवयच तशी होती. मग फुगडी आली. मी त्या रिकाम्या जागेच्या शेजारीच होते, म्हणून त्याचा चेहरा मला समोर दिसत होता. तो एक पाऊल पुढे आला आणि थांबला. हात खालीच राहिले. गाणं पुढे चाललं होतं, खालच्या मुली फिरून आपल्या जागी आल्यासुद्धा, आणि हा मधोमध उभा.

"शमू, हात," मास्तर दबल्या आवाजात म्हणाले.

त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. पण ते वर आले नाहीत.

एस्तेरबाईंनी सुई उचलली. तबकडी नुसती फिरत राहिली, तिचा घरघर आवाज येत होता. बाई आमच्यामधून चालत आल्या आणि शमुवेलसमोर उभ्या राहिल्या, त्या जागेच्या जरा अलीकडे.

"कधी?" त्यांनी विचारलं.

शमुवेलची नजर खिडकीकडे गेली, ओट्यावरच्या खुर्चीकडे. "आई, मी तात्यांसमोर शपथ घेतलीय. शास्त्रावर हात ठेवून. मला तिच्याबद्दल..."

"मी तुला आजपर्यंत काही विचारलं? आज विचारायलेय. कधी?"

"मंगळवारी," तो म्हणाला. "पहाटे. कावीळ झाली होती. डोक्यात गेली."

ओहोळ सिस्टरच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. एस्तेरबाई हलल्या नाहीत.

"आणि बाळ?"

शमुवेलनं झटकन मान वर केली. आम्ही सगळ्यांनीच केली. बाळाचं कुणी काही बोललंच नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं बाळाचं?"

"तूच."

"मी एक अक्षर बोललो नाही, आई. तुझ्या गळ्याची शपथ."

"बोलला नाहीस. पोळ्याच्या वेळी तू तिला लांबून फिरवायला लागलास, पोटाला धक्का लागू नये असा. दिवाळीनंतर पुन्हा जवळून. तेव्हा मी समजले, सुटली. नाताळात तू एकच हात द्यायला लागलास. तिच्या दुसऱ्या हातात बाळाशिवाय काय असणार?" बाईंचा आवाज शिकवतानाचाच होता, समजावून सांगणारा. "दर गुरुवारी तू सांगत होतास. मी दर गुरुवारी ऐकत होते."

शमुवेल खाली फरशीवरच बसला, दोन्ही तळवे तोंडावर घेऊन. मग तो बोलायला लागला, तुटक तुटक. रिसोडची गाडी त्याच्याकडे होती. आठवड्यातून एकदा गाडी तिथं दोन तास थांबायची, तेव्हा तो सलोमीकडे जायचा. "गेलो की अंगणात एक फेरी घ्यायला लावायची. शेजारपाजारच्या बाया हसायच्या, तरी. म्हणायची, बघू, आई अजून तसंच शिकवते का. पोटात होतं तरी घ्यायची. नंतर बाळ हातात घेऊन घ्यायची. इथं आलो की माझे हात... मला कळतसुद्धा नव्हतं मी काय करायलोय."

"माझी आठवण काढायची?"

"जागा आहे का अजून, विचारायची. मी सांगितलं, आहे."

एस्तेरबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला. मला वाटलं आता त्या कोसळतील आणि मी पुढेही झाले. त्यांनी हातानं मला थांबवलं.

"पोर आहे का पोरगी?"

"मुलगी."

"ऊठ. नाच अर्धा राहिलाय. टाकळकर, पोरी, सुई तू ठेव."

मला त्यांनी पहिल्यांदाच 'तू' म्हटलं. मी ग्रामोफोनपाशी गेले. सुई दोनदा घसरली. वळून पाहिलं तेव्हा एस्तेरबाई त्या जागेवर उभ्या होत्या. एवढ्या महिन्यांत त्या जागेवर मी पाहिलेलं ते पहिलं माणूस. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि शमुवेलनं ते धरले. त्या वळताना जरा रेंगाळल्या. तेव्हा मला कळलं ते रेंगाळणं कुणाकडून आलं होतं. त्या फिरत होत्या आणि चष्म्याखालून डोळे वाहत होते, पण पाऊल एकही चुकलं नाही. मी मात्र ग्रामोफोनशी उभी राहून ढसाढसा रडले. सलोमी माझी कोण होती? पण सात-आठ महिने मी तिचा हात धरत होते.

सकाळी उजाडता उजाडता बाजूच्या ओट्यावर आवाज ऐकू आले. आमच्यामध्ये एक कुडाची भिंत, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं.

"कुठं निघालीस?" खरात तात्या.

"रिसोडला. शमूच्या गाडीनं. नातीला आणायला."

"कुणाच्या नातीला?"

"आपल्या. सलोमीची मुलगी."

तीन वर्षांत त्या ओट्यावर ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. तात्या ओरडतील असं मला वाटलं.

"आणि ती?" तात्यांनी विचारलं.

"गेली. मंगळवारी."

खुर्ची करकरली. मग तात्यांचा आवाज आला, पण तो शास्त्र वाचणारा आवाज नव्हता. "मला कुणी काही सांगितलं नाही, एस्तेर."

"मला तरी कुणी सांगितलं होतं? तुम्ही त्याला तोंडाची शपथ घातली, हातांची नाही. तुम्ही एकदा जरी हॉलमध्ये आला असता ना, तर तुम्हालाही कळलं असतं."

फाटक वाजलं. मी दार उघडून बाहेर आले तेव्हा एस्तेरबाई वळणापर्यंत गेल्या होत्या, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी पिवळी लोकर. तात्या ओट्याच्या कडेला उभे होते, एक पाय पायरीवर. खाली उतरायचं का वर जायचं ते त्यांचं ठरत नव्हतं. मी त्यांना हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होते?

बाळ आलं. वायरमनच्या घरच्यांनीही दार लावून घेतलं होतं आणि त्याला खांबांवर चढायचं काम, एवढंसं पोर तो कुणाच्या भरवशावर ठेवणार होता? महिन्यातून एकदा येऊन भेटेन, एवढं त्यानं मागितलं आणि एस्तेरबाईंनी दिलं.

आता याला कितीतरी वर्षं झाली. मी निवृत्त होऊनही जमाना झाला. सलोमीला मी कधीच पाहिलं नाही, फोटोही उरला नव्हता. पण आजही रस्त्यात कधी माझ्या खांद्याला लागेल अशी एखादी बाई समोरून आली, तर माझा उजवा हात पदराखाली जरासा वर येतो आणि मी तिला पुढे जाऊ देते. त्या बायका माझ्याकडे चमत्कारिक बघतात. बघू देत.

बाळ आल्यानंतरच्या गुरुवारी क्लास होईल असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. पण सहा वाजता रेकॉर्ड वाजायला लागली आणि मी बूट घातले. बाहेर आले तर ओट्यावर खुर्ची नव्हती.

खुर्ची हॉलमध्ये होती, भिंतीला टेकवलेली, आणि तिच्यावर खरात तात्या. त्यांच्या मांडीवर पिवळं टोपडं घातलेलं बाळ होतं. तात्यांनी त्याला असं धरलं होतं की कुणी ढकललं तरी ते हलू नये. ते फक्त दुसऱ्या जोडीकडे बघत होते.

"बाई," मी एस्तेरबाईंना हळूच विचारलं, "आता मी एक जागा वर सरकू का?"

"कशाला?" त्या म्हणाल्या. "ती जागा भरलेली आहे."

आम्ही नाचलो. चाक झालं, वेणी झाली. मी सलोमीला हात दिला, थांबले, सोडला. मग फुगडी आली. शमुवेल एक पाऊल पुढे झाला आणि मला धडकी भरली, की आजही हात वर येतात का नाही. त्याचा उजवा हात वर आला. डावा तसाच अर्धा वाकलेला होता. त्यानं एकदा भिंतीकडे पाहिलं, तात्यांच्या मांडीवरच्या पिवळ्या टोपड्याकडे. मग डावा हातही त्यानं पुढे केला.

"दोन्ही हात," बन्यामीन मास्तर पुटपुटले.

"हो," एस्तेरबाई म्हणाल्या. "तिचे आता दोन्ही मोकळे आहेत."